खाल्ल्या मिठाचा हिशोब

हृषिकेश मुखर्जींच्या ‘नमक हराम’बद्दल (१९७३) जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक दोन नटांबद्दल असतं. ‘आनंद’नंतर दोनच वर्षांनी राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन पुन्हा समोरासमोर आले, आणि या वेळी पारडं फिरलं. एकाचा सूर्य कलत होता, दुसऱ्याचा वर येत होता. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर अमिताभला मिळालं. हा इतिहास रंजक आहे, पण त्याच्या गर्दीत चित्रपटाच्या नावाकडे कोणी नीट बघत नाही. हा हिंदीतला एक महत्त्वाचा ‘मालक-कामगार’ चित्रपट आहे आणि त्याचं नाव संप, गिरणी किंवा हक्क यांवर बेतलेलं नाही. ते मिठावर बेतलेलं आहे. मग साधा प्रश्न असा, की या गोष्टीत मिठाशी बेइमानी नक्की कोण करतं?

आपल्याकडेही ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आहेच. नोकरी लागली की घरातलं कोणीतरी वडीलधारं माणूस हे सांगतंच. या वाक्प्रचारात पगाराची एक अख्खी कल्पना दडलेली आहे. करारात कसं असतं, तर मी इतके तास काम केलं, तुम्ही इतके पैसे दिलेत, महिन्याच्या शेवटी खातं बंद. पुढच्या महिन्यात नवं पान. मिठात खातं कधीच बंद होत नाही. ज्यानं दिलं तो दाता, ज्यानं खाल्लं तो ऋणी, आणि ऋण किती फिटलं हे मोजायचं मापच नाही. शिवाय मिठाची भाषा एकतर्फी आहे. नमकहराम फक्त खाणारा होऊ शकतो. देणाऱ्यानं काहीही केलं तरी त्याला हा शब्द लागत नाही. माझ्या मते ‘नमक हराम’ची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथेच आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. विकी (अमिताभ) गिरणीमालकाचा मुलगा, सोमू (राजेश खन्ना) त्याचा जिवलग, पण साध्या घरातला. विकीचे वडील दामोदर (ओम शिवपुरी) आजारी पडतात आणि गिरणीचा कारभार विकीकडे येतो. कामगार पुढारी बिपिनलालशी (ए. के. हंगल) तो उर्मटपणे वागतो, संप होतो. वडील त्याला माफी मागायला लावतात. विकीच्या मनात हा अपमान सलत राहतो. मग मित्राच्या अपमानाचा बदला म्हणून सोमू नाव बदलून त्याच गिरणीत कामगार म्हणून लागतो. आतून विकीची साथ असल्यामुळे तो कामगारांच्या मागण्या पटापट मान्य करवून आणतो आणि बिपिनलालला बाजूला सारून स्वतः पुढारी होतो. डाव यशस्वी होतो. फक्त एकच अडचण होते: वस्तीत राहता राहता सोमू खरोखरच त्या लोकांचा होतो. पुढे त्याचं बिंग फोडलं जातं, कामगार त्याला मारहाण करतात, आणि शेवटी दामोदरची माणसं त्याचा जीव घेतात. विकी खुनाचा आळ स्वतःवर ओढवून घेतो आणि तुरुंगात जातो.

या गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस दामोदर आहे. आज मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘औद्योगिक संबंध’ म्हणून जे शिकवतात, ते त्याला उपजत कळतं. विकीला वाटतं मालकी म्हणजे ताठ मान. दामोदरला माहीत आहे की मालकी म्हणजे चालू यंत्रं. एक माफी फुकट पडते, बंद गिरणीचा एक दिवस फुकट पडत नाही. म्हणून तो मुलाला वाकायला लावतो. त्यात पश्चात्ताप नाही, शुद्ध व्यवहार आहे. वाकणं ही हार नसून उसंत आहे, हे विकीला कळत नाही, त्याला कळतं. संपाचं दृश्य रंगवताना मुखर्जी मालकाला मिशा पिळणारा खलनायक करत नाहीत, हे त्यांचं श्रेय. दामोदर शांत आहे, सुसंस्कृत आहे, आणि म्हणूनच भीतिदायक आहे.

आता त्या डावाकडे बघू. मालकाच्या बाजूचा माणूस कामगारांचा पुढारी म्हणून बसवायचा, ही कल्पना प्रेक्षकाला फिल्मी वाटते. ती फिल्मी नाही. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित श्रम प्रथांना आळा घालण्याचा कायदा केला. तो प्रत्यक्ष लागू झाला १९७५ मध्ये. ‘नमक हराम’ बरोबर या दोन तारखांच्या मधला. या कायद्याच्या परिशिष्टात मालकानं करू नयेत अशा गोष्टींची यादी आहे, आणि मालकपुरस्कृत संघटना उभी करणं हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. कायदा एखाद्या गोष्टीला नाव देऊन बंदी घालतो, तेव्हा ती गोष्ट सर्रास चालत असते. म्हणजे सोमूचं सोंग हे पटकथाकाराच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. ती चालू रीत होती, फक्त इतक्या देखण्या चेहऱ्याची नव्हती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तर प्रतिनिधित्वाचा प्रश्न कायद्यानंच वाकडा करून ठेवला होता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना, आणि वाटाघाटीचा अधिकार तिलाच. गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा तिच्यावर विश्वास राहिला नाही तरी टेबलावरची खुर्ची तिचीच. मग कामगार टेबल सोडून रस्त्यावर आले आणि दत्ता सामंतांना त्यांनी अक्षरशः घरून उचलून आणलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं त्यात उतरली, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावचं पुढे काय झालं ते आपण मॉलमध्ये फिरताना रोज बघतो. ‘आपल्या वतीनं कोण बोलतोय?’ या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं तर काय होतं, त्याचा हा हिशोब. ‘नमक हराम’ नऊ वर्षं आधी त्या प्रश्नाच्या अगदी दारात उभा होता.

पण दारातून आत जात नाही. तो का जात नाही, हे बघण्यासारखं आहे.

चित्रपटाचा साचा ‘बेकेट’चा (१९६४). इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आपल्या मित्राला, टॉमस बेकेटला, आर्चबिशप करतो. हेतू हा की चर्च आपल्या मुठीत राहील. पण त्या पदावर बसल्यावर बेकेट चर्चचाच होऊन जातो. मुखर्जींनी चर्चच्या जागी कामगार संघटना ठेवली. कल्पना झकास आहे, कारण तिच्यात एक खोल गोष्ट गृहीत धरली आहे: पदाला स्वतःचा धर्म असतो. सोंग म्हणून घेतलेलं काम रोज करत राहिलं, तर एक दिवस ते काम माणसाला घडवायला लागतं. सोमूला रोज कोणाची तरी तक्रार ऐकावी लागते, कोणासाठी तरी भांडावं लागतं. खोटा पुढारी आणि खरा पुढारी दिवसभरात तीच कामं करतात. मग खोटेपणा नक्की कुठे उरतो?

हे असं उलगडलं असतं तर मजा आली असती. पण चित्रपट दुसरा, सोपा मार्ग घेतो. सोमूचं मन पालटतं ते गरिबी बघून. आलम नावाचा शायर (रझा मुराद) वस्तीत हलाखीत मरतो, आणि त्याच्या मरणानं सोमूचे डोळे उघडतात. आलमचं या चित्रपटातलं मुख्य काम मरणं हे आहे. १९७३ पर्यंत गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह येऊन गेले होते. म्हणजे त्याच काळात, त्याच शहरात, कामगार कवी मरत नव्हता, बोलत होता. हिंदी पडद्याला मात्र हळहळण्यापुरता कवी हवा होता. कामगाराची बाजू पटायला त्याचं दारिद्र्य दिसावं लागतं. त्याची मागणी न्याय्य आहे एवढं पुरत नाही. ही सहानुभूतीच आहे, पण मिठाच्याच जातीची. देणारा वर, घेणारा खाली.

दुसरी जागा त्याहून गमतीची आहे. सोमूला मारहाण झाल्यावर विकी एकटा वस्तीत येतो आणि अख्ख्या जमावाला आव्हान देतो. हे चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य. यूट्यूबवर त्याचे तुकडे वेगळे काढून ठेवलेत आणि खाली टाळ्यांचा पाऊस आहे. क्षणभर आवाज बंद करून बघा. गिरणीमालकाचा मुलगा, ज्यानं हेर पाठवून या लोकांची संघटना पोखरली, तो त्यांच्याच दारात उभा राहून त्यांनाच दरडावतो आहे. आणि आपण त्याच्या बाजूनं आहोत! कारण आपल्यापुढे प्रश्न मैत्रीचा ठेवला गेला आहे. फसवले गेलेले हजारो लोक या दृश्यात निव्वळ गर्दी होतात. त्यांचा राग रानटी, विकीचा राग उदात्त. अमिताभच्या डोळ्यांची ताकद इतकी आहे की आपल्याला हे जाणवतही नाही. नंतर दोन वर्षांनी ‘दीवार’मध्ये हाच राग गोदी कामगाराच्या अंगावर चढला. इथे तो अजून मालकाच्या घरचा आहे.

आता मिठाचा हिशोब लावू. सोमूनं विकीचं मीठ खाल्लं, म्हणून मालकाच्या नजरेत तो नमकहराम. वस्तीतल्या घराघरांत जेवला आणि नाव खोटं सांगितलं, म्हणून कामगारांच्या नजरेत नमकहराम. शेवटी विकी बापाच्या विरुद्ध जातो, म्हणजे तोही त्याच रांगेत. राहिला दामोदर. ज्यानं डाव होऊ दिला, बिंग फोडलं, खून करवला, त्याला मात्र हा शब्द चिकटत नाही, कारण त्यानं कोणाचंच मीठ खाल्लेलं नाही. किंवा असं म्हणू, की त्यानं ज्यांचं खाल्लं, त्यांच्या घामाला आपली भाषा मीठ म्हणतच नाही. चित्रपटाला हे कुठेतरी कळलेलं आहे, असं मला वाटतं. नावात उपरोध आहेच. पण उपरोध नावावर थांबतो, पटकथेत उतरत नाही. शिक्षा होते ती मनांना: विकीला पश्चात्ताप, दामोदरला पुत्रवियोग. गिरणीचं, संघटनेचं, मागण्यांचं काय झालं, ही जणू कोणाची गोष्टच नाही.

आणि या सगळ्यात बिपिनलाल हरवतो. हंगल यांनी उभा केलेला हा माणूस धड नायक नाही, धड खलनायक नाही. तो चिवट आहे. त्याच्या मागण्या महिनोन् महिने अडकतात, कारण त्याला आतून मदत नाही. सोमूच्या मागण्या झटक्यात मान्य होतात, कारण समोर मित्र बसलेला आहे. कामगारांना साहजिकच सोमू कर्तबगार वाटतो. संथ आणि प्रामाणिक प्रतिनिधी झटपट आणि लाडक्या प्रतिनिधीपुढे कसा हरतो, याचं इतकं अचूक चित्र मी दुसऱ्या हिंदी चित्रपटात पाहिलेलं नाही. पण कॅमेऱ्याला त्याच्यापाशी थांबायला वेळ नाही.

मैत्रीनं हे नातं सांभाळता येईल, हा आपल्या चित्रपटांचा जुना भ्रम आहे. एस. एस. वासन यांच्या ‘पैगाम’मध्ये (१९५९) ते काम रक्ताच्या नात्याकडे होतं. दोन भाऊ एकाच गिरणीत: थोरला (राज कुमार) मालकाशी इमान राखणारा, धाकटा (दिलीप कुमार) शिकून आलेला आणि संघटना बांधणारा. मालकाची टाकलेली मुलगीही गोष्टीत असतेच. कुटुंब जुळलं की गिरणीही जुळते.

प्रत्यक्ष इतिहासात याहून चांगली गोष्ट घडून गेली होती. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी संप केला. मालकांच्या बाजूचे अग्रणी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूनं उभी त्यांची सख्खी बहीण, अनसूया. मध्ये गांधीजी, ज्यांचे अंबालाल यांच्याशी स्नेहाचे संबंध. मालक २० टक्के वाढ देत होते, कामगारांची मागणी ३५ टक्क्यांवर ठरली होती. गांधीजींनी उपोषण केलं आणि तीन दिवसांत तोड निघाली: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, त्यानंतर मधला साडेसत्तावीसचा दर, आणि अंतिम आकडा लवाद ठरवणार. दोन्ही बाजूंची शपथ राहिली. लवादानं पुढे ३५ टक्केच दिले. १९२० मध्ये यातूनच मजूर महाजन उभं राहिलं. इथेही भाऊ-बहीण आहेत, स्नेह आहे. फरक एवढाच, की कोण कोणाच्या वतीनं बोलतंय हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी नाव बदललं नाही. आणि शेवटी निकाल प्रेमावर सोपवला नाही, लवादावर सोपवला. प्रेम टिकलं, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

आमच्या पिढीचा ‘नमक हराम’ म्हणजे ‘रॉकेट सिंग’ (२००९). जयदीप साहनी यांची पटकथा, शिमित अमीन यांचं दिग्दर्शन. संगणक विकणाऱ्या कंपनीतला हरप्रीत (रणबीर कपूर) लाच मागणाऱ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करतो आणि ऑफिसात टिंगलीचा विषय होतो. मग तो त्याच ऑफिसात, त्याच फोनवरून, गुपचूप स्वतःची कंपनी चालवायला लागतो. रिसेप्शनवरची कोएना, तंत्रज्ञ गिरी, साहेब नितीन आणि चहावाला छोटेलाल मिश्रा हे सगळे भागीदार. चहावाला भागीदार ही कल्पना मला फार आवडते. पण एक गोष्ट लक्षात घ्या: मालक पुरी इतका जाच करतो, तरी या पाच जणांपैकी एकालाही ‘आपण मिळून पुरीशी बोलू’ असं सुचत नाही. सुचतं ते ‘आपण मालक होऊ’. १९७३ मध्ये खोटा का होईना, पुढारी होता. २००९ मध्ये त्या जागेचीच कोणाला आठवण नाही. चित्रपट गोड आहे, प्रामाणिक आहे, पण त्यातली सुटका पाच जणांची आहे. मागे त्या हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्यांचं काय? पुरीला शेवटी उपरती होते आणि तो बळकावलेली कंपनी परत करतो. पुन्हा देणाऱ्याची मर्जी, पुन्हा मीठ.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि हे चित्रपट मला जुने वाटत नाहीत, त्याला कारण आहे. आमच्या धंद्यात नोकरी म्हणजे ‘फॅमिली’. मॅनेजरला साहेब म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. माझ्या आधीच्या कंपनीत माझा टीम लीड माझा कॉलेजपासूनचा मित्र होता. वाकडला एका फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं राहिलो. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात बेल कर्व्ह असायचा, म्हणजे टीम कितीही चांगली असली तरी कोणाला तरी तळाला बसवणं भाग. एका वर्षी त्यानं आमच्यातल्या एका मुलीला तळाला बसवलं. ती काम चांगलं करायची, पण त्या वर्षी तिची आई आजारी होती आणि तिनं रजा जास्त घेतल्या होत्या. दोन महिने ‘सुधारणा योजना’, मग राजीनामा. राजीनामा तिनं ‘स्वखुशीनं’ दिला, असं कागदावर आहे. मित्रानं हे आम्हाला टपरीवर सांगितलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. तो दामोदर नव्हता. विकीसुद्धा नव्हता. त्याला तक्ता भरायचा होता आणि आम्ही सगळे त्याचे मित्र होतो.

त्या मुलीच्या वतीनं कोणी बोललं नाही, कारण तशी जागाच नव्हती. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ कोण याची व्याख्या होती. तांत्रिक काम करणारा माणूस तीत बसायचा, व्यवस्थापकीय काम करणारा बसायचा नाही. आमच्याकडे पदनामं अशी वाटतात की तिसऱ्या वर्षी प्रत्येक जण कसला तरी लीड किंवा मॅनेजर असतो. आपण कामगार आहोत असं म्हणायला आम्हालाच लाज वाटते. ‘एचआर’ आमचे वाढदिवस साजरे करतं, आमच्यातल्याच कोणाला तरी ‘कल्चर अँबॅसडर’ नेमतं, आणि तो आमच्या तक्रारी गोळा करून वर पोचवतो. मनानं चांगलाच असतो तो. पण त्याला निवडलेलं कोणी असतं? सोमूला निदान आपण सोंग घेतलंय हे ठाऊक होतं.

म्हणून मला ‘नमक हराम’ची खरी शोकांतिका सोमूच्या मरणात दिसत नाही. ती त्याच्या विजयात दिसते. कामगारांच्या मागण्या ज्या दिवशी मित्राच्या मर्जीनं मान्य झाल्या, त्या दिवशी त्या मागण्या राहिल्या नाहीत, मेहेरबानी झाल्या. मर्जी फिरली तेव्हा त्या वाचवायला मागे काहीच उरलं नव्हतं. बिपिनलालनं रडतखडत मिळवलेलं थोडं त्याच्या कोणा मित्राच्या मूडवर अवलंबून नव्हतं. मैत्रीला शिक्षा झाली याचं मुखर्जींना दुःख आहे, आणि ते खरं दुःख आहे. पण ज्या ओझ्याखाली ती मैत्री मोडली, ते ओझं मैत्रीनं उचलायचंच नव्हतं. त्यासाठी कागद असतात, मतदान असतं, लवाद असतो, आणि बिपिनलालसारखी कंटाळवाणी माणसं असतात.

पन्नास वर्षांनंतर हा चित्रपट बघावा तो त्यासाठी. विकी आणि सोमू यांच्या प्रसंगांत डोळे भरून येतील, येऊ द्यावेत. पण हंगल जेव्हा जेव्हा पडद्यावर येतील, तेव्हा जरा सावरून बसावं. ज्याची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही, असा या चित्रपटातला माणूस तो आहे.